बटण दाबायच्या आधी

"अहो खिडकीवाले, मी बटण दाबायच्या आधीच माणूस जातो," बाई म्हणाल्या.

खिडकीवाल्याने पाठीवरची पिशवी खाली ठेवली. संगणकाच्या पडद्यावर उघडणाऱ्या खिडक्या बनवणं हा त्याचा धंदा, म्हणून मृत्यू नोंदणी कार्यालयात त्याला हेच नाव पडलं होतं. मागच्या खेपेला पहारेकऱ्याने त्याला जिन्यातली फुटकी काच दाखवली होती. उगाच वाद नको म्हणून त्यानेही तिचं माप घेतलं होतं.

"म्हणजे नोंद आधी होते?"

"नोंद होते आणि माणूसही जातो. तेच तर सांगतेय."

बाई शिस्तीच्या. रुग्णालयातून रोज सकाळी गंभीर रुग्णांची यादी यायची. ऐनवेळी धांदल नको म्हणून बाई प्रत्येकाची खिडकी आधीच उघडून ठेवायच्या. नाव, वय, पत्ता आणि खाली एकच बटण: 'मृत'. फोन आला की बटण दाबायचं, वेळ आपोआप पडते. साडेपाचला सगळं बंद. पडद्यावरची एकही खिडकी त्या उघडी ठेवून जात नसत, आणि भिंतीतलीही नाही.

"बाकी सगळं झकास केलंत हो," बाई म्हणाल्या. "ते फुलीचं तर फारच."

जुन्या प्रोग्रॅममध्ये कोपऱ्यातल्या फुलीला चुकून हात लागला की भरलेली माहिती उडायची. बाईंनी हट्टच धरला होता. तेव्हा त्याने व्यवस्था केली, की फुली दाबली तरी राहिलेली नोंद आधी होईल आणि मगच खिडकी बंद होईल. त्यासाठी त्याचे दोन दिवस गेले होते. कौतुक ऐकून त्याला बरं वाटलं.

"आता हे बघा." बाईंनी नोंदवही पुढे सरकवली. "सोमवारच्या आजी. खिडकी उघडली नऊ एक्केचाळीसला. नोंद पडली नऊ एक्केचाळीसला. मग फोन आला, की आजी नऊ एक्केचाळीसला गेल्या. आठवडाभरात अकरा माणसं. एका मिनिटाचा फरक नाही."

"मग लगेच नाही का कळवायचं?"

"आधी वाटलं, प्रोग्रॅम हुशार आहे. मग वाटलं, जरा जास्तच हुशार आहे."

"आणि आजच बोलावलंत?"

बाईंनी यादी उलटी करून त्याच्यासमोर धरली. सगळ्या नावांपुढे खुणा होत्या, शेवटचं तेवढं कोरं.

"माझा धाकटा भाऊ," त्या म्हणाल्या. "साहेब तीनदा विचारून गेले, एक खिडकी का राहिली म्हणून. कामकाज संपायच्या आत उघडा, नाहीतर मी उघडतो म्हणाले."

पाच वाजत आले होते. खिडकीवाला खुर्ची ओढून बसला. चूक त्याला तिसऱ्याच मिनिटाला सापडली, आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या. प्रोग्रॅम लिहिताना बटणाला कामाचं नुसतं नाव सांगायचं असतं. मग दाबल्यावर ते काम होतं. नावापुढे कंस टाकले, की बटण बिचारं कशाचीच वाट बघत नाही. खिडकी बनतानाच काम उरकून मोकळं. पहिल्या आठवड्यातल्या पोरांची चूक. त्याने दोन कंस खोडले.

"झालं."

"एवढंच?"

"एवढंच."

"या एवढ्याशा कंसांनी अकरा माणसं..."

"बाई, माणसं आजाराने गेली. कंसाने फक्त नोंद झाली."

"असं? मग आधी तुमचं नाव टाका."

"माझं? मला काय धाड भरलीय?"

"मग घाबरताय कशाला?"

तो हसला. नाव, वय सव्वीस, पत्ता. शेवटची कळ दाबताना बोट जरा रेंगाळलं, ते बाईंनी पाहिलं. खिडकी उघडली. दोघांनी पडद्यावर त्याच्या नावापुढचा नोंदीचा रकाना पाहिला. कोरा. मान खाजवल्यासारखं करून त्याने नाडीही पाहून घेतली. चालू होती.

"बघा. आता कोणी बटण दाबेपर्यंत काही होणार नाही."

बाईंनी भावाचं नाव निवडलं. त्याची खिडकी खिडकीवाल्याच्या खिडकीवर येऊन बसली. नोंद नाही. बाईंनी लगेच रुग्णालयाला फोन लावला.

"कसा आहे हो?... काय, उशी बदलून मागतोय? द्या ना, दोन द्या! आणि हे बघा, काही कमीजास्त झालं तर त्याच क्षणी कळवा. मी आहे इथे साडेपाचपर्यंत."

फोन ठेवून त्यांनी रुमालाने डोळे टिपले, नाकही पुसलं.

"देव भलं करो तुमचं. आता मी आवरते."

"आवरा. त्या 'मृत' बटणाला तेवढा हात लावू नका."

"छे! स्वप्नातसुद्धा नाही."

जिन्याच्या वळणावर पहारेकऱ्याने त्याला गाठलंच.

"काय हो, काच कधी बसवताय?"

"माप घेतलंय," खिडकीवाला म्हणाला. आज त्याला सगळ्यांशीच गोड बोलावंसं वाटत होतं. फुटक्या काचेतून वारा येत होता. त्याने खाली बसून बुटाची नाडी बांधायला घेतली.

वर बाईंच्या खोलीत भिंतीतल्या खिडक्या लागल्याचे आवाज आले. एक कडी. दुसरी कडी. मग खुर्ची सरकली आणि माऊसची टिकटिक.

मग फोन वाजला.

"रुग्णालय का? एक मिनिट हं," बाईंचा आवाज जिन्यात स्वच्छ ऐकू आला. "एकच खिडकी राहिलीय. तेवढी बंद करते आणि बोलते."