तांब्याभर पाणी

जनकाबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि कोकिळानं तो तोंडाला न लावताच खाली ठेवला.

कोकिळा गावाच्या पाणी समितीची. या मोहल्ल्याच्या विहिरीलगत गटार वाहतं. परवा तपासणीच्या बाटलीत भरून ठेवलेलं तिथलं पाणी आज काळंकुट्ट पडलं होतं, म्हणजे त्यात गटाराची घाण उतरली होती. गटार वळवायचं तर उद्याच्या ग्रामसभेत या बायांचे हात वर व्हायला हवेत, आणि जनकाबाई हलल्याशिवाय त्यातली एकही हलायची नाही. तिची नात छकुली तर जुलाबानं पार चिपाड होऊन समोरच बाजेवर पडलेली.

"पाणी नको मामी. आताच पिऊन आली मी."

"एवढ्या उन्हाची आली, अन् पाणी नको म्हन्ते?"

कोकिळानं पिशवीतून बाटली काढली. "हे पाहा. तुमच्या विहिरीचं हाय. छकुलीचं पोट यानंच बिघडलं. गटार हटवाच लागते. तोवर पाणी उकळून द्या तिले."

"औषध टाकलं त काळं होईनच," जनकाबाई म्हणाली. बाटलीकडं तिनं धड पाहिलंही नाही. तिची नजर तांब्यावरच होती.

"माह्या सासूच्या हातचं पाणी तुह्या सासूनं कधी पेलं नाही, कोकिळा. बाहेरूनच बोलून जाये. तू आत येऊन बसली, मले लय बरं वाटलं. म्हटलं, हे येगळी हाय." तिनं तांब्या कोकिळाकडं सरकवला. "पाणी खराब हाय का आमचे हात, एकडाव सांगून टाक."

आता आली का पंचाईत! कोकिळाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दारात शेजारणी गोळा झाल्या होत्या आणि साऱ्यांचे डोळे तिच्यावर. तिनं तांब्या उचलला, डोळे मिटले आणि घटाघटा अर्धा रिकामा केला.

जनकाबाईचा चेहरा खुलला. तिनं पदरानं डोळे पुसले.

"हाव व माय! येतो आम्ही उद्या साऱ्याजणी. तू म्हनशीन तिथं हात वर करतो."

कोकिळाच्या हातून तांब्या घेऊन ती बाजेकडं वळली. छकुलीला तिनं उठवून बसवलं, मानेखाली हात दिला आणि उरलेलं पाणी तिच्या तोंडाला लावलं.

"पे माय, पे. कोकिळाकाकू पेली न आता. काही होत नाही यानं."