पापणीएवढी रेघ

सकाळी दहा वाजता दादाने कपाट उघडलं आणि मोजणीची पितळी दुर्बीण दोन्ही हातांनी उचलून जेवणाच्या टेबलावर ठेवली. त्याच्या धाकट्या बहिणीने टेबलावर आधीच पांढरी चादर अंथरली होती. खिडकीलाही पातळ कागद लावला होता, कारण पितळेवर थेट ऊन पडलं की फोटोत नुसती झळाळी उरते. फोटो काढणं हा तिचा व्यवसाय होता.

संग्राहक खुर्चीच्या कडेवर बसला होता. जुनी शास्त्रीय उपकरणं जमवणारा माणूस. जी मिळत नाहीत त्यांचीही तो नोंद ठेवायचा, फोटोंसकट. ही मिळणार नव्हती.

"अजून एकदा विचार करा," तो बाबांना म्हणाला.

"केला," बाबा म्हणाले. "नाही."

बाबांनी या दुर्बिणीतून बघत उभा जन्म जमिनी मोजल्या, मग मोजणी शिकवली. आता त्यांना फक्त उजेड आणि अंधार कळायचा. ज्या संस्थेत शिकवलं तिला दुर्बीण स्वतःच्या हातांनी द्यायची, मुलांनी ती हाताळायची, एवढं एकच त्यांनी मनात धरलं होतं.

"फोटोला तरी हरकत नाही ना?"

"फोटोनं काय झिजणार आहे तिचं? काढा."

"फोटोच काढायचे," दादा मध्ये पडला. "वस्तूचं नाव काढायचं नाही. बाबांचा जीव आहे तिच्यात."

संग्राहकाने दोन्ही हात वर केले. धाकटीला बरं वाटलं. ती दुसऱ्या शहरात राहायची. बाबांची औषधं, दवाखाना, या कपाटाची किल्ली, सगळं दादाच सांभाळायचा.

तिने समोरून फोटो घेतले, बाजूने घेतले, अंश कोरलेल्या गोल चकतीचे अगदी जवळून घेतले. आकार कळावा म्हणून दादा शेजारी मोजपट्टी धरून उभा होता. संग्राहक घड्याळ बघायला लागला तरी दादा थांबेना.

"स्क्रूंची डोकी घे. खालची बाजू राहिली. आणि हा पोचा."

"तू कधीपासून एवढा हौशी झालास?"

"करायचं तर नीट करावं. तूच लोकांना शिकवतेस ना?"

पोचा नळीवर होता. टेकडीवर मोजणी करताना दुर्बीण बाबांच्या हातून खडकावर पडली होती.

"त्याचा फोटो कशाला?" बाबा म्हणाले. "माझी अब्रू चव्हाट्यावर आणताय काय?"

सगळे हसले. संग्राहकही हसला. दादाने पट्टी पोच्याला लावून धरली.

निघताना धाकटीने सगळे फोटो दादाच्या लॅपटॉपवर उतरवून दिले. संग्राहकाला तोच पाठवणार होता.

घरी पोचल्यावर तिने ते मोठे करून पाहिले. चकतीच्या फोटोत, पंचेचाळीस अंशाच्या खुणेशेजारी, एक बारीक वाकडी रेघ होती. पापणीच्या केसाएवढी. तिने पुढचा फोटो उघडला. तिथे तीच रेघ रिकाम्या चादरीवर दिसत होती. म्हणजे दुर्बिणीवर काही नव्हतं, कॅमेऱ्याच्या आत एक तंतू चिकटला होता. असा कचरा ओळखायला सोपा. वस्तू हलवा, कॅमेरा हलवा, तो चौकटीत जिथल्या तिथेच राहतो.

तिने दादाला फोन केला. "चकतीच्या फोटोत एक रेघ आलीय. ती दुर्बिणीवर नाहीये, माझ्या कॅमेऱ्यात घाण होती. काढून परत पाठवते."

"अगं, गेले पण फोटो. राहू दे. एवढं डोळ्यांत तेल घालून कोण बघतंय?"

तिने कॅमेरा साफ करून घेतला आणि विषय सोडून दिला.

पुढे एकदा फोनवर बाबा म्हणाले, "दुर्बीण साफ करायला दिलीय. काळवंडलेली कशी द्यायची, असं दादाचं म्हणणं. घड्याळं दुरुस्त करणारा कुणी आहे म्हणे त्याच्या ओळखीचा."

"आली की हात लावून बघा हं."

"बघेन की. हातच राहिलेत बघायला."

संस्थेचा कार्यक्रम छोटाच होता. एक खोली, खुर्च्यांच्या रांगा, भिंतीलगत काचेचं नवं कपाट. संग्राहकालाही बोलावणं गेलं होतं. तो आला नव्हता. दादाने दुर्बीण आणून टेबलावर ठेवली. पितळ लख्ख झालं होतं.

बाबांनी ती जवळ ओढली. बोटं नळीवरून सरकली आणि पोच्यावर थांबली. त्यांचा चेहरा खुलला.

"हलकी लागतेय रे जरा."

"वर्षानुवर्षांचा मळ निघालाय, बाबा," दादा म्हणाला.

"बरंय. मळ हिचा काढला, माझा राहिला."

मुलं हसली. त्यांच्या सरांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी दुर्बीण पुढे केली आणि ती सरांच्या हातात गेल्यावरही क्षणभर सोडली नाही.

धाकटी फोटो काढत होती. दुर्बीण परत टेबलावर आल्यावर तिने चकतीचा एक जवळून घेतला आणि मागच्या पडद्यावर पाहिला. पंचेचाळीस अंशाशेजारी ती रेघ होती.

परत कचरा, ती मनात म्हणाली. तिने खिडकीशी जाऊन कॅमेरा पुन्हा साफ केला. परत आली, फोटो घेतला. रेघ होती.

तिने कॅमेरा थोडा डावीकडे नेला. चकती चौकटीत उजवीकडे सरकली. रेघही चकतीबरोबर सरकली.

"काय गं, किती फोटो?" दादा मागून म्हणाला. "बाबांचा काढ ना एक हसताना."

बाबा हसत होते. एका मुलीला पोच्याची गोष्ट सांगत होते.

धाकटीने कॅमेरा खाली ठेवला आणि चकतीवरून अंगठ्याचं नख फिरवलं. पंचेचाळीस अंशापाशी नख अडकलं. जी रेघ फक्त तिच्या फोटोत होती, ती इथे पितळात कोरलेली होती.