पांढरा दोरा

डिंक एकदा कालवला की उठता येत नाही. सगुणाबाईनं दोन्ही नळ्यांतला माल सारखा सारखा बशीत काढला, काडीनं घोटला आणि मगच दारात बाजेवर बसलेल्या माणिकरावांकडे पाहिलं.

"दादा, आता मला हलता यायचं न्हाई. चहा तुमचा तुमीच ओतून घ्या."

"घेतो की. तुझं चालू दे, ताई." माणिकरावांनी खरोखरच किटलीतून चहा ओतून घेतला. गावातला एवढा मोठा बागायतदार, पण सगुणाबाईच्या घरच्या कपाला त्यांनी कधी नाक मुरडलं नाही.

येलदरीच्या धरणावर गळ टाकायला येणाऱ्या साहेब लोकांसाठी भुजंग बांबूच्या काठ्या करायचा. काठीवर दोरा आवळून कड्या बसवायच्या त्यानं, दोऱ्यावर डिंक चढवायचा बायकोनं. साहेब त्याला इपॉक्सी म्हणत. सगुणाबाई डिंकच म्हणे, आणि तिच्यासारखा हात कुणा साहेबाचा बसला नव्हता. डिंक लावला की काठी सावकाश फिरवत राहायची, चांगले दोन तास. नाहीतर डिंक एका अंगाला ओघळतो आणि सगळी मेहनत मातीत जाते.

भुजंग जाऊन महिना झाला होता. ही त्याची शेवटची काठी, माणिकरावांसाठी केलेली. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यानं ती बांधली आणि बजावून सांगितलं होतं, "पहिला हात मी दिलाय. तू नुसता डिंक लाव. अन् ते आल्यावरच लाव, त्यांच्यापुढं."

दोरा पांढरा रेशमी होता. एरवी भुजंग काळा नाहीतर किरमिजी दोरा घ्यायचा. पांढऱ्याचे नखरे फार. त्याला आधी दुसराच एक पातळ हात देऊन वाळवावा लागतो, नाहीतर तो डिंक पिऊन काचेसारखा होतो आणि खालचा बांबू उघडा पडतो. दादांसाठी नवऱ्यानं एवढा खटाटोप केला, याचं सगुणाबाईला कौतुक वाटलं.

"मग काय ठरवलंस?" माणिकरावांनी विचारलं. "इद्यापीठाला नाव मिळालं, भांडण मिटलं. आता ये गावात. तुझी जागा तशीच पडून हाय, दोन खोल्या मी बांधून देतो. इथं एकटी काय करायलीस?"

खरंच, लेक नांदेडला सासरी गेलेली, इथं तिचं कोण होतं? होकार अगदी ओठांवर आला होता. अठ्ठ्याहत्तरला नामांतराच्या दंगलीत तिचं घर जळालं, तेव्हा तीन वर्षांच्या लेकीसकट तिला आपल्या गोठ्यात आसरा दिला तो याच माणसानं. पुढं दर दिवाळीला लुगडं आणलं. पाठचा भाऊ तरी आणखी काय करतो?

आणि नवरा? फौजदारानं विचारलं, कोण कोण होते, तर मान खाली घालून म्हणाला, "तोंडं बांधलेली व्हती, साहेब. कुणाला ओळखलं न्हाई." सगुणाबाईनं त्या भेकड माणसाला पंधरा वर्षं सुखाचा घास खाऊ दिला नाही. भाकरी वाढता वाढता विचारायची, "नाव आठवलं का?" मरायच्या आठ दिवस आधी त्यानं माणिकरावांचा विषय काढला, तर ती फाडकन म्हणाली होती, "दादांचं नाव तुमच्या तोंडानं घेऊ नका." तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

तिनं कुंचला बुडवला आणि मुठीच्या वरच्या रुंद पट्ट्यावर डिंक फिरवला. दोरा ओला झाला आणि बघता बघता दिसेनासा झाला.

ती चरकली. पहिला हात दिलेलाच नव्हता. दोऱ्याच्या कामात जन्मात न चुकलेला माणूस, आणि असा कसा चुकला? खालच्या बांबूवर शाईची अक्षरं उघडी पडत होती. भुजंगनंच हट्टानं तिला रात्रीच्या वर्गाला धाडलं होतं, म्हणून तिला वाचता येत होतं. मा. णि. क.

"माणिकराव!" माणिकरावांनीच वाकून वाचलं आणि ते खूश झाले. "साहेबावानी माझं नाव घातलं की भुजंगनं!"

सगुणाबाईला नवऱ्याला मारलेले टोमणे आठवले. काय काय बोललो आपण त्या माणसाला! तिनं डोळे पुसायला खांदा वर केला आणि काठी फिरवली. मागच्या अंगाला बारीक अक्षरांत दोन ओळी होत्या.

'घर ह्यानंच पेटवलं. गावात जाऊ नको.'

फौजदारापुढं उभा राहिलेला भुजंग तिला लख्ख आठवला. जबाब देताना तो सारखा गोठ्याकडे बघत होता. गोठ्यात लेकरू निजलेलं होतं, आणि दारात माणिकराव उभा होता.

माणिकराव अजून हसत होता. "मागं काय लिवलंय, ताई?"

सगुणाबाईनं काठी अर्धी फिरवली, अक्षरं त्याच्याकडे केली. त्यानं वाचलं. कप कलंडून चहा धोतरावर सांडला, तरी त्याला कळलं नाही.

"पूस ते," तो कसाबसा म्हणाला. "ओलं हाय तवर पूस."

पंधरा वर्षांत सगुणाबाईनं त्याला नावानं कधी हाक मारली नव्हती.

"ते वर लिवलेलं न्हाई, माणिकराव. दोऱ्याच्या खाली हाय."

आणि भुजंगनं घेतलेलं नाव ओघळू नये म्हणून ती काठी सावकाश फिरवत राहिली.