भगवानरावांची ओळ

"मशीनला घंटी बसवा," सोनपेठ शाखेचे आबासाहेब म्हणाले. "फरक घावला की वाजली पायजे. पडद्याकडं डोळे लावून कोण बसंल?"

चंद्रभाननं मागणी लिहून घेतली. गोदाकाठ तेलबिया संघाच्या परभणीच्या कचेरीत कॉम्प्युटर आला, तेव्हापासून सभासदांच्या याद्या जुळवायचं काम त्याच्याकडं होतं. त्यासाठी त्यानं स्वतःच एक प्रोग्राम लिहिला होता. शाखेची फ्लॉपी आणि परभणीची फ्लॉपी घातली, की दोन्ही याद्यांत जिथं फरक असेल ती ओळ पडद्यावर यायची. काय कमी आहे ते सांगा, म्हणून आज त्यानं शाखांच्या कारकुनांना बोलावलं होतं. चपला दाराबाहेर काढून सगळे मशीनभोवती दाटीनं बसले होते.

येलदरीच्या बन्सीधरला फरकाची ओळ लाल दिसायला हवी होती.

"या पडद्याला रंग एकच आहे, हिरवा," चंद्रभान म्हणाला, आणि सगळे हसले.

मग ताडकळस शाखेच्या मालनची पाळी आली. बसमध्ये तिनं सगळं मनात नीट जुळवलं होतं. आता त्यातलं एक वाक्य आठवेना.

"माझी मागणी वायली हाय," ती म्हणाली. "फरक सापडल्यावर खरं कुणाचं धरायचं, ते मशीन कसं ठरवतं?"

"परभणीची यादी खरी धरतं. शाखेची ओळ पुसून तिथं इथली बसवतं."

"मग आमची एक ओळ काढून दाखवा."

तिनं सभासद क्रमांक सांगितला. पडद्यावर दोन नावं आली. परभणीच्या यादीत 'भग्या लिंबा'. ताडकळसच्या यादीत 'भगवानराव लिंबाजी वाव्हळे'.

"हे माझे वडील," मालन म्हणाली. "इथं जुन्या रजिस्टरावरून जसंच्या तसं टाइप केलंय. मी दर वेळी नीट नाव घालून फ्लॉपी पाठवते. जुळवणी झाली की परत भग्या. वार्षिक सभेत यादी वाचतात, तवा तेच पुकारतात. ते आता सभेला येईनात."

औरंगाबादच्या विद्यापीठाचं नामांतर होऊन दोन महिने होत आले होते. नावाचा विषय निघाला की माणसं अजून एकमेकांची तोंडं बघून बोलत.

"मालनबाई, माणूस तर तोच हाय की," बन्सीधर म्हणाला. "नावानं काय एवढं?"

"सभेत तुमाला बन्स्या म्हणून पुकारलं, तर हात वर कराल?"

चंद्रभान पडद्याकडं बघत होता. त्यानं ती ओळ पुन्हा वाचली, ते मालनला दिसलं. आता हा 'बघू पुढं' म्हणणार, असं तिनं मनाशी धरलं.

"काय करायचं ते सांगा," तो म्हणाला.

मालन सावकाश बोलू लागली. "बदल कुणी केला, कवा केला, ते ओळीपुढं दिसावं. अन् माणसानं समजून केलेला बदल मशीननं आपल्या मनानं फिरवू नये. आधी इचारावं."

"करता येईल. पण प्रत्येक ओळीला एवढं लिहायचं म्हणजे यादी फ्लॉपीत मावणार नाही."

आबासाहेबांनी घसा खाकरला.

"टेलिफोनचा रकाना काढून टाका," ते म्हणाले. "अख्ख्या यादीत माझा एकट्याचाच नंबर हाय. अन् तो फोन बी लागत न्हाई."

या वेळी बन्सीधरही हसला. "घ्या, जागा झाली," तो म्हणाला.

बाकीचे चहाला गेले. मालन तिथंच थांबली. चंद्रभानची बोटं चालत राहिली, मधेच थांबत, मागं जात, पुन्हा चालू लागत. ऊन कलायला लागलं तेव्हा त्यानं खुर्ची मागं घेतली.

"झालं. आता जुनं नाव कायमचं काढून टाकू. परत यायची भीतीच नको."

"जरा थांबा," मालन म्हणाली. "दादांना बोलावते."

भगवानराव बाहेर बाकावर बसले होते. डोळे तपासायला म्हणून ते लेकीसंगं परभणीला आले होते. आत काय चाललंय याची त्यांना कल्पना नव्हती. चपला काढून ते आत आले, चष्मा लावला आणि पडद्यापुढं वाकले. वर त्यांचं पूर्ण नाव होतं. त्याच्यापुढं आजची तारीख आणि बदल करणाऱ्याचं नाव, मालन. खाली जुनी ओळ.

वरची ओळ त्यांनी ओठ हलवत वाचली. मग खालची वाचली.

"खालचं आता पुसायलेत, दादा," मालन म्हणाली. "एक बटन दाबलं की संपलं."

"पुसू नका."

त्यांना कळलं नसावं, असं तिला वाटलं. "दादा, ते ऱ्हायलं तर..."

"पुकारताना वरचं पुकारा. खालचं तितंच पडून ऱ्हाऊ द्या."

चंद्रभाननं बटनावरचं बोट उचललं. "का हो, काका?"

भगवानरावांनी चष्मा काढून हातात घेतला.

"नातू पयलीत हाय आमचा," ते म्हणाले. "मोठा झाल्यावर सांगन त्याला, मला असं बोलवायचे म्हणून. त्याला ते खोटं वाटंल साहेब. काय तरी दाखवाया पायजे ना."