अटी गोपनीय आहेत

सकाळपासूनची तिसरी गाडी आंधळगावात साधनाच्या दारापुढे थांबली. या वेळी नागपूरचा एक गुंतवणूकदार होता. साधनानं त्याला चहा दिला. बाकी काही दिलं नाही.

चार दिवसांपूर्वी पुण्याच्या कंपनीनं शेअर बाजाराला कळवलं होतं, की रेशमाच्या कोशाचा धागा काढणाऱ्या यंत्राच्या पेटंटचा वाद तडजोडीनं मिटला असून अटी गोपनीय आहेत. तेव्हापासून शेअर चढतच होता. कोणी म्हणे, बाईनं पेटंटच विकलं. कोणी म्हणे, दर यंत्रामागे तिला वाटा मिळणार.

यंत्र साधनानं बनवलं होतं, पेटंटही तिच्याच नावावर होतं. धागा तुटला की ते आपोआप थांबायचं. त्याआधी इथल्या बाया मांडीवर धागा वळायच्या, कातडी सोलून निघेपर्यंत. कंपनीनं यंत्राची नक्कल केली आणि साधना तीन वर्षं कोर्टात भांडली.

तिचे थोरले दीर मधुकरराव यांनीही शेअर घेतले होते. ठेवू की विकू, हे विचारायला ते आले.

"वकिलानं कोनासंगच बोलू नोका म्हनलं, भाऊजी," ती म्हणाली. "माह्या भरवशावर घेऊ नोका."

मधुकरराव समजल्यासारखे हसले. म्हणजे अट मोठीच असणार. त्यांनी दुपारी आणखी शेअर घेतले.

संध्याकाळी सुंदरबाई आली. पहिलं यंत्र तिच्याच ओसरीवर चाललं होतं. आता कंपनी यंत्रं उचलून नेणार, असं बायांमध्ये पसरलं होतं. ती बसली नाही.

"तुनं आमाले इकलं का, साधना?"

वकिलाचं सांगणं साधनाच्या ध्यानात होतं.

"सोमवारी कोर्टात चाल माह्यासंग," ती म्हणाली.

सोमवारी कोर्टात मागच्या बाकांवर गुंतवणूकदार दाटीनं बसले होते. सुंदरबाई दाराशी उभी राहिली. कंपनीच्या वकिलानं तडजोड झाल्याचं सांगून कागद सादर करायला दोन आठवडे मागितले. न्यायाधीशांनी साधनाकडे पाहिलं. तुमची काही हरकत आहे का, असं विचारलं.

साधना उठली.

"कागद त्यायनं पाठवला होता, साहेब. मी सही केलीच नाही. मले केस लढाची आहे."