सुटं सामान

हौशी चालकांच्या गाड्या शर्यतीच्या ट्रॅकवर जाण्याआधी मी तपासतो. नियमाच्या बाबतीत सख्ख्या भावालाही सोडत नाही. त्या दिवशी एक काका एकटेच आले. टायर, ब्रेक, हेल्मेट चोख. “आतलं सुटं सामान काढा. वेगात साधी बाटलीही डोकं फोडते.” त्यांनी छत्री काढली, बाटली काढली. बाजूच्या सीटवरची चपटी उशी तेवढी ठेवली. “हीसुद्धा, काका.” “बायकोची आहे. पाठ दुखायची तिची.” बोलता बोलता त्यांनी उशीला पट्टा लावला. “आता सुटी नाही ना?” मी पट्टा सोडवून उशी काढून घेतली. ते गाडी घेऊन ट्रॅकवर गेले. कठड्याशी बाकीच्यांची बायकापोरं हात हलवत होती. काकांची गाडी वळणावर दिसली तेव्हा मी उशी उंच धरली. पुढच्या फेरीला खिडकीतून हात हलला. हात बाहेर काढायला सक्त मनाई आहे. मला काही दिसलं नाही.