मॅडम बसल्या

“मॅडमची गाडी गल्लीत शिरली का दार लावून घ्याचं,” गोदाबाईंनी सुनेला लग्न झाल्या झाल्या बजावलं होतं. “पानी विचाराचं नाही, बसा म्हनाचं नाही. निरोप उंबऱ्याच्या आत आला नाही, तं तो आपला नसते.”

प्राजक्ता हसली होती. अकोल्याची, बी.एस्सी. झालेली. “आई, त्या कर्नल होत्या. पुरात जवान घेऊन गावंच्या गावं बाहेर काढलीत त्यांनी. आता आपल्याकडच्या फौजींच्या घरांचं बघतात. पेन्शन, पोरांच्या शाळा. त्यांना पाहून दार लावायचं?”

“थे पेन्शन कोनाले भेटते, वं?” गोदाबाई एवढंच म्हणाल्या होत्या.

आज भर दुपारी कर्नल रागिणी फाटकापाशी उभ्या होत्या.

गाडी नव्हती. आणि अंगावर गणवेश होता. निवृत्तीनंतर त्या नेहमी साडीतच यायच्या. उन्हात रस्त्याकडे बघवत नव्हतं, पण त्यांच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता.

नवऱ्याचा, श्यामचा, सीमेवरून सोमवारपासून फोन नव्हता. प्राजक्तानं लहानग्या पियुषला कडेवर घट्ट आवळलं. तिचा दुसरा हात कडीवर गेला होता. कधी गेला, ते तिलाही कळलं नव्हतं.

“घरात आणखी कोणी आहे का?” मॅडमनी विचारलं.

हा प्रश्न हिवरखेडात सगळ्यांना पाठ होता. पलीकडच्या गल्लीतल्या आरतीचा नवरा सीमेवर गेला, तेव्हा तिलाही त्यांनी आधी हेच विचारलं होतं आणि मग ती बातमी सांगितली होती. बाई एकटी असली की त्या काही सांगत नसत.

“सासूबाई आहेत. आत निजल्यात.” प्राजक्ता दारातूनच म्हणाली. “उठवू?”

“नको, निजू दे. आज तसं काही नाही.” मॅडम फाटक ढकलून आत आल्या. “श्याम बरा आहे. तेवढंच सांगाले आली.”

प्राजक्तानं चौकट धरली. आधी रडू आलं, मग संताप. “एवढ्यासाठी आलात? फोन करायचा ना, मॅडम! जीव गेला असता माझा.”

“माझा फोन कोणी उचलत नाही, पोरी.”

 गेल्या महिन्यात प्राजक्तानंही उचलला नव्हता.

“बस म्हण ना वं,” मॅडम म्हणाल्या. “इतक्या घरी गेली मी, उभ्यानंच परत आली.”

“बसा.”

त्या ओट्यावर टेकल्या. टोपी काढून मांडीवर ठेवली. प्राजक्ताचं लक्ष त्यांच्या बुटांकडे गेलं. स्टँडपासून काळ्या मातीचा फुफाटा तुडवत यावं लागतं. बूट नुकते पॉलिश केल्यासारखे होते. पियुष हसत त्यांच्याकडे झेपावला, तशा त्या मागे सरकल्या.

“नको, लेकरा. हात गार आहेत माझे.”

मग त्या रस्त्याकडे बघत बोलत राहिल्या. “पलटण सांभाळली, पूर पाहिला. भीती नाही वाटली. भीती वाटे ती फाटक उघडताना. आतली बाई भाजी निवडत असते. तिचं ते निवांत बसणं मोडाले मीच जात होती.”

“मग सोडलं का नाही हे काम?”

“दुसऱ्या कोणी कसंही सांगितलं असतं.”

“पाणी आणते,” म्हणून प्राजक्ता आत गेली. तांब्या घेऊन आली, तर ओटा रिकामा. ती धावत फाटकाबाहेर आली.

मॅडम येऊन गेल्या की ही गल्ली कशी दिसते, ते तिनं पाहिलं होतं. टोकापासून टोकापर्यंत कड्या लागलेल्या, पोरंसोरं आत ओढलेली. आज सगळी दारं सताड उघडी होती. समोर माणिकबाई मिरच्यांचे देठ खुडत बसल्या होत्या.

“काकू, मॅडम कुठल्या बाजूनं गेल्या?”

“कोनत्या मॅडम?”

“आत्ता ओट्यावर बसल्या होत्या ना!”

“ओट्यावर तं तू एकटीच बोलून राहिली होती. मले वाटलं, फोन चालू आहे तुया.” माणिकबाई हसल्या. “उन्हात उभी नोको राहू, माय. लेकराले घेऊन आत जाय.”

तेवढ्यात आत फोन वाजला. श्यामचाच होता.

“अवं, रेंजच नव्हती इतके दिवस! काहून रडून राहिली?”

“तुम्ही बरे आहात ना?”

“मले काय होते? कोनी काही सांगतलं का तुले?”

“मॅडम आल्या होत्या.”

 पलीकडून श्याम हळूच म्हणाला, “कोनासाठी?”

प्राजक्तानं फोन ठेवला.

तिनं मॅडमचा नंबर लावला. घंटी वाजत राहिली. गोदाबाई उठून आल्या, सगळं ऐकून भिंतीला टेकून बसल्या आणि म्हणाल्या, “अजून एकडाव लाव.” संध्याकाळपर्यंत सासू-सुना लावतच होत्या.

मॅडम अमरावतीला एकट्या राहतात. प्राजक्ताचं तिथं ओळखीचं कोणी नाही. म्हणून हे वाचणाऱ्या तुम्हालाच विचारायचं आहे. तुम्ही तिकडचे आहात का? कॅम्पातल्या मागच्या रस्त्याला बैठं घर आहे, कुंपणाला जास्वंद. पाटीवर नुसतं ‘कर्नल रागिणी’ लिहिलंय. आज जमलं तर आजच जा. दार वाजवा. उघडलं नाही, तर माघारी फिरू नका.